ही देवी नाही, माझी बायको आहे

सन २०२३. मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं आणि चक्की मी स्वतः चालवत होतो.

हे आधी लिहितो, कारण मुलगा पुण्याला चांगल्या नोकरीत आहे म्हटलं की लोक धरून चालतात, म्हातारा बसून खात असेल. मी बसून खाल्लेलं नाही. इंदूरजवळच्या आमच्या शहरात, माधव नगरात माझी पिठाची चक्की आहे, बापाने टाकलेली. आमचे पूर्वज दरबारच्या कोठीवर धान्य बघायला म्हणून देशावरून आले आणि इथलेच झाले. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पुढे गेलो नाही, त्याची लाजही धरली नाही. वाचता येतं, जरा सावकाश.

नवरात्रात अष्टमीला आमच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये महालक्ष्मी उभी करतात. तिचं तोंड तांदळाच्या उकडीचं असतं. सकाळी बायका उकड मळून मुखवटा घडवतात, डोळे काढतात, नथ घालतात, नऊवारी नेसवतात. संध्याकाळी तिच्यापुढे घागरी फुंकतात. घागरीत उदाचा धूर घ्यायचा, तिच्या काठाला ओठ लावून फुंकायचं आणि फुंकत फुंकत नाचायचं. घूं घूं असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. नाचता नाचता एखादीच्या अंगात देवी येते. मग बाकीच्या तिच्या पाया पडतात, तिला आपल्या घरचं विचारतात.

त्या मुखवट्याचं पीठ माझ्या चक्कीवरचं. जाडं राहिलं तर देवीच्या गालाला भेगा जातात. म्हणून ते दळण मी कोणाला हात लावू देत नाही. दगडात गव्हाचा कण राहू नये यासाठी आधी थोडे तांदूळ वाया घालवतो, मग देवीचे घालतो. देवीचं तोंड माझ्या पिठाचं, हे मी चारचौघांत सांगायचो. बायको म्हणायची, "सांगा, सांगा. आता तिलाच दुकानावर बसवा."

हॉलमध्ये मात्र मी जात नसे. बाहेर चपलांच्या ढिगापाशी खुर्ची टाकून बसायचो. देवीशी माझं काही वाकडं नाही. पण बायका रडतात, लोळतात, ते मला बघवत नाही. बायको दर वर्षी फुंकायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. आणि तिच्या अंगात देवी कधी आली नाही. शेजारणींच्या आली, नव्या सुनांच्या आली, एकदा पाहुणी म्हणून आलेल्या बाईच्या आली. ही घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायची आणि म्हणायची, "याही वर्षी नाही."

"तुझ्याकडे यायला तिला वाट सापडत नसेल," मी म्हणायचो.

"वाट सापडते हो. दारात तुम्ही बसलेले असता ना."

त्या वर्षी गणपतीपासून तिचं उजव्या बरगडीखाली दुखत होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी म्हटलं डॉक्टरकडे चल. ती म्हणाली, नवरात्र होऊ दे. ओवा खायची, गरम पाणी प्यायची. मी परत म्हटलं, तिने परत तेच सांगितलं. लोक मला अडेलतट्टू म्हणतात. त्यांनी तिला बघितलेलं नाही. नऊ दिवसांचे उपास तिने तसेच धरले.

अष्टमीला दिवेलागणीनंतर आम्ही हॉलवर गेलो. ती आत, मी बाहेर. घागरींचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने एक घागर खाली पडल्याचा आवाज आला, आणि मग आतून एकदम गलका. "आली! आली! काकूंच्या अंगात आली!"

आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त वेळा काकू म्हणतात ते माझ्या बायकोला. मी उठून दारात गेलो.

ती देवीपुढे जमिनीवर बसली होती. केस सुटलेले, कपाळ घामाने भिजलेलं, मान डोलत होती. बाजूला बँकेतली बाई. ही आमच्या मागच्या घरात राहते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, हॉलमधलं सगळं तिच्या म्हणण्याने चालतं. तिने बायकोच्या कपाळाला मूठभर कुंकू फासलं आणि पायावर डोकं ठेवलं. "आई, माझ्या मुलीचं कधी जमेल? काय चुकलं आमचं?"

बायको म्हणाली, "पाणी."

तिला तीर्थ दिलं. ते ओठांतून ओघळलं. मग दुसरी पाया पडली, तिसरी पडली. बायको हळूच म्हणाली, "मला घरी न्या."

"निघाली! देवी निघाली!" म्हणून बायका रडायला लागल्या. कोणी ओटी भरायला धावली.

मी तिची पावलं बघत होतो. ती घराबाहेर कधी पाय पसरून बसत नाही, आणि तेव्हा तिचे दोन्ही पाय पसरलेले होते. नखं पिठासारखी पांढरी पडली होती. मी आत घुसलो.

"काका, मागे व्हा! पुरुषांनी पुढे यायचं नाही," बँकेतली बाई ओरडली. "आणि चपला! पायात चपला आहेत तुमच्या!"

"बाजूला हो."

"अहो काका, कोप होईल. देवी आहे अंगात."

"ही देवी नाही," मी म्हटलं, "माझी बायको आहे."

असा आवाज मी चक्की चालू असताना काढतो, गिऱ्हाइकाला ऐकू जावा म्हणून. हॉलमध्ये सगळं बंद पडलं. मी तिला उचलायला वाकलो, आणि मला उचलता आलं नाही. गव्हाचं पोतं मी तेव्हाही खांद्यावर घेत होतो. तिचं तेवढंही वजन राहिलं नव्हतं. पण हातांत बळच भरलं नाही. शेवटी त्याच बायकांनी तिला उचललं, बँकेतल्या बाईने आपली गाडी काढली आणि आम्ही जवळच्या एका खासगी दवाखान्यात गेलो.

तिथे एक तरुण लेडी डॉक्टर होती. तिने नाडी धरली, पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. पोट फळीसारखं लागत होतं. सोनोग्राफी केली. मग पोटात एक सुई घातली. सिरिंजमध्ये लाल रक्त आलं.

"बाबूजी, लिव्हरमध्ये गाठ है. बडी है. वो फट गई है, पेट के अंदर खून बह रहा है."

मी म्हटलं, कापा आणि शिवून टाका.

ती म्हणाली, लिव्हर आधीच कडक होऊन बसलंय. कधीतरी जुनी कावीळ झाली असेल, आतल्या आत राहिली असेल. अशा लिव्हरला टाके धरत नाहीत. या हालतीत पोट उघडलं तर टेबलावरच जातील. एक इलाज आहे. जांघेतल्या नसेतून बारीक तार नेऊन, लिव्हरला रक्त पोचवणारी जी नस गाठीकडे जाते ती आतून बंद करायची. ते करणारा डॉक्टर इंदूरला आहे. हार्टच्या नसा बघायचं इथलं मशीन त्याला चालेल. पेशंटला इंदूरला नेलं तर रस्त्यात काही होऊ शकतं, म्हणून त्यालाच बोलावते.

मी विचारलं, तो येईपर्यंत मी काय करू?

"रक्ताचा बंदोबस्त करा."

मी बाही वर केली. रक्त घेणारा मुलगा माझ्याकडे बघून हसला नाही, हे त्याचं नशीब. "दादा, तुमचं नाही घेणार. उमर जास्त आहे."

"अरे, पोतं उचलतो मी."

"पोतं उचला. रक्त नाही घेणार."

मी त्याच्याशी भांडलो. मग त्याच्यावरच्या माणसाशी भांडलो. तिथे माझं कोणी ऐकलं नाही. पन्नास वर्षं तिने माझं केलं आणि मला तिच्यासाठी एक बाटलीसुद्धा देता येईना. मी बाकावर येऊन बसलो, बाही तशीच वर.

हॉलमधल्या बायका एकेक करून आल्या होत्या. कपाळावर मळवट, अंगाला उदाचा वास. त्या पुढे झाल्या. पण सगळ्यांना अष्टमीचा उपास, सकाळपासून पोटात काही नाही. मुलगा म्हणाला, उपाशी माणसाचं रक्त घेत नाही, चक्कर येईल. आधी जेवून या. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. काहींनी नवऱ्यांना फोन लावले, दोन-तीन नवरे आले, त्यांचं घेतलं. त्यावर रात्र निघाली. पण रक्त वरून चढत होतं आणि आत वाहत होतं. डॉक्टरीण दर वेळी बाहेर येऊन म्हणायची, और लगेगा.

इंदूरचा डॉक्टर रस्त्यात अडकला होता. देवीला पायी जाणारे लोक, त्यांचे डीजे, पोलिसांनी रस्ता अर्धा बंद केलेला. मी दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिलो. जणू मी उभा राहिलो की त्याची गाडी लवकर येणार होती. मुलाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, मी निघालोय, उद्या रात्री पोचतो. काय म्हणाले डॉक्टर?" मी काय सांगणार? म्हटलं, आत आहे.

उजाडायला लागलं तेव्हा बँकेतली बाई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. रात्रभर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

"काका, मी टावर चौकात पोहे खाऊन आले."

मी तिच्याकडे बघितलं.

"नवमीचं पारणं व्हायचं होतं अजून. मोडला उपास." तिच्या हनुवटीला शेव लागली होती. "आता घेतात का बघू."

घेतलं. तिच्या मागून आणखी दोघी खाऊन आल्या. थँक्यू वगैरे मला येत नाही. मी फक्त त्या बाईच्या हनुवटीकडे बोट दाखवलं. तिने पदराने शेव पुसली.

मग तारवाला डॉक्टर आला. पोरगेलासा, पाठीला बॅग. त्याने माझ्यापुढे कागद ठेवला, सही करा. मी न वाचता सही करत नाही, कधीच केलेली नाही. चष्मा लावला आणि वाचायला लागलो. हिंदीत छापलेलं, बारीक अक्षर. जीव जाऊ शकतो, लिव्हर बंद पडू शकतं, किडनी बंद पडू शकते. एकेक शब्द जुळवत होतो. तो घड्याळ बघत नव्हता, पण पाय हलवत होता. बँकेतली बाई म्हणाली, "काका, मी वाचून दाखवते." मी म्हटलं, "मला येतं वाचता." अर्ध्यावर आलो आणि माझ्या डोळ्यांपुढची अक्षरं पळायला लागली. सगळा कागद सारखाच दिसायला लागला. मी चष्मा काढला आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदा अर्धा कागद न वाचता.

"काय घालता त्या नसेत?" मी विचारलं.

"बारीक दाणे, बाबा. ते रक्ताबरोबर वाहत जातात आणि नस बुजवतात."

"किती बारीक? रवा की मैदा?"

तो थांबला. "रव्यापेक्षा बारीक. मैद्याइतके नाहीत. फार बारीक असले तर पार निघून जातात, जाडे असले तर अलीकडेच अडकतात."

तेवढं मला कळलं. बाकी काहीच कळलं नव्हतं, पण तेवढ्याला मी धरून बसलो. आत तिला नेलं, दार लागलं, वर लाल दिवा लागला. मी मनातल्या मनात रवा चाळत होतो. दुसरं काय करणार होतो?

एक शंका मात्र मला खात होती. पाण्याची लाइन बंद केली तर त्या लाइनीवरची सगळी घरं कोरडी पडतात. गाठीचं रक्त तोडलं तर लिव्हरचं काय? तो बाहेर आला, घामाघूम, तेव्हा आधी हेच विचारलं. तो म्हणाला, लिव्हरला दोन लायनी असतात. एक आतड्यांकडून येते, लिव्हर जास्त तिच्यावरच चालतं. गाठ मात्र दुसरीवर पोसलेली असते. ती दुसरी बंद केली.

मग त्याने मला कॉम्प्युटरवर दाखवलं. पांढऱ्यावर काळं झाड, पानं गळालेलं. एका फांदीच्या टोकाला काळा धूर निघाल्यासारखा डाग. "हे रक्त वाहत होतं." मग दुसरं चित्र. तेच झाड, ती फांदी मध्येच तुटलेली, धूर नाही.

"म्हणजे बरी झाली?"

"रक्त थांबलं," तो म्हणाला. "गाठ तिथेच आहे, बाबा. लिव्हर कमजोर आहे. एवढा धक्का झेपला का ते दोन-तीन दिवसांत कळेल. गाठीचं काय करता येईल ते नंतर बघू. मी तुम्हाला खोटं नाही सांगणार."

मी म्हटलं, मग थोडं खोटं सांगा. तो हसला नाही.

पुढली अष्टमी तिने बघितली नाही. ते नंतरचं. त्या दिवशी तेवढंच होतं, की रक्त थांबलं होतं.

आयसीयूच्या दारावर पाटी होती, चपला बाहेर काढा. मी काढल्या नाहीत. आदल्या रात्रीपासून माझ्या पायात होत्या आणि माझ्या मनात आलं, या काढल्या की मी इथलाच होऊन जाईन. गार्डने हटकलं. मी म्हटलं, नवीन आहेत, चोरीला जातील. तो म्हणाला, दादा, ये नई हैं? टाच झिजून गेलेली होती. तरी मी तसाच आत गेलो. तो मागे बडबडत राहिला.

नवमीच्या संध्याकाळी ती शुद्धीवर आली. नाकात नळी, हातात नळी, उजवा पाय सरळ ठेवायला सांगितलेला, हलवायचा नाही. चेहरा पिवळट. कपाळावरचं कुंकू कोणी पुसलं होतं, पण भांगात राहिलं होतं.

"अहो."

"बोलू नकोस."

"काल आली होती का?"

"कोण?"

"तुम्हाला माहीत आहे कोण."

मी सलाइनच्या बाटलीकडे बघितलं. थेंब पडत होते.

"सगळ्या माझ्या पाया पडत होत्या," ती म्हणाली. एकेक शब्दाला दम लागत होता. "मला दिसत होतं. लांबून दिसल्यासारखं. मग तुम्ही काहीतरी ओरडलात."

"मी ओरडतोच."

"काय ओरडलात?"

चक्कीवर मी कधी खोटं बोललो नाही. दळण खराब झालं तर खराब झालं सांगितलं, गहू किडका असला तर किडका सांगितला, मग गिऱ्हाईक तुटो. घरातही तेच. त्यामुळे तिने मला विचारलं. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर पटलं नसतं. आणि डॉक्टरने माझ्या गळ्यात बांधलेलं ते सगळं मी तिथे उभा राहून सांभाळत होतो. गाठ, लिव्हर, दोन-तीन दिवस. त्यातलं एक अक्षर मला तिच्यासाठी हलवता येत नव्हतं. हे एवढंच माझ्या हातात होतं.

"आली होती," मी म्हटलं.

"नक्की?"

"त्या बँकेतल्या बाईला विचार. सकाळी पोहे खाऊन उपास मोडला तिने, तुला रक्त द्यायला. देवी नसती तर ती मोडणारी आहे का?"

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही पाया पडलात?"

"माझ्या पायात चपला होत्या."

ती हसली. हसताना पोट दुखलं म्हणून तोंड वाकडं झालं, मशीन टुंग टुंग करायला लागलं आणि नर्स धावत आली. "बाबूजी, पेशंट को हँसाना मना है, बाहर जाओ."

मी बाहेर निघालो तेव्हा ती मागून पुटपुटली, "चपला घालून देवीपुढे. कधी सुधारणार हा माणूस."

नर्सला मी दारात विचारलं, उद्या हिला काय देऊ? ती म्हणाली, डॉक्टर कह रहे थे, सुबह पतली पेज, नमक बिना.

दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला चक्की चालवत नाही. तिला धुऊन पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून दिवसभर विश्रांती देतो. बापाच्या वेळेपासून तसंच. त्या सकाळी, रात्री आलेल्या मुलाला दवाखान्यात बसवून मी शटर उघडलं, मशीनला हात जोडले आणि बटण दाबलं. देवीच्या पिठासाठी घेतलेल्या तांदळांतले थोडे उरले होते, ते घातले. दगड जरा उचलून धरला, कण्या पडल्या. घरी येऊन पेज केली. मी कधी केली नव्हती, खालून लागली. वरची वरची डब्यात घेतली.

दवाखान्यात पोचलो. आयसीयूच्या दाराशी गार्ड उभा होता, माझ्याकडे बघून तोंड उघडायच्या तयारीत. मी वाकलो, दोन्ही चपला काढल्या आणि पाटीखाली ओळीत ठेवल्या.

"आज क्या हुआ, दादा?"

डबा घेऊन आत गेलो. फरशी गार होती. ती जागी होती. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे. मी वाटीत पेज ओतली आणि चमचा फुंकून गार करत राहिलो.